डेबियन ११ वरून १२ वर जायचं की आहे तिथेच थांबायचं?

प्रश्न:
आमच्या ऑफिसची बिलं आणि ग्राहकांच्या नोंदी ज्या सर्व्हरवर आहेत, तो मी चार वर्षं सांभाळतेय. ऑपरेटिंग सिस्टम डेबियन ११, डेटाबेस पोस्टग्रेस १३ आणि प्रोग्रॅमिंगची भाषा पीएचपी ७.४ यांवर चालणारं एक अ‍ॅप्लिकेशन. ते लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलाय. अपटाइम (रीबूट न करता सलग चालू असल्याचा काळ) ४०० दिवसांच्या वर आहे. साहेब म्हणतात, "चालतंय ना, मग हात लावू नकोस." पण ११ चा एलटीएस (सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची वाढीव मुदत) ३१ ऑगस्ट २०२६ ला संपतो, आणि १२ मध्ये पीएचपी एकदम ८.२ येतं. अपग्रेड केलं आणि बिलं अडली तर जबाबदार मी. नाही केलं आणि कुणी आत शिरलं तरी मीच. काय करू?

उत्तर १:
मुदत संपेपर्यंत थांबा. नवीन म्हणजे सुरक्षित असं नसतं. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) मोठं भगदाड सापडलं, तेव्हा डेबियन ११ मधली त्याची ८.४ आवृत्ती त्यातून सुटली. धावपळ १२ वाल्यांची झाली.

उत्तर २:
ते उदाहरण खरं आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. मला जास्त काळजी त्या ४०० दिवसांची वाटते. कर्नलचे (सिस्टमच्या गाभ्याचे) पॅच तुम्ही घेतले असतील, पण रीबूट नाही म्हणजे मशीन अजून जुनाच कर्नल चालवतंय. आधी रीबूट करा, काहीही न बदलता. म्हणजे काही बिघडलं तर ते अपग्रेडमुळे नाही, एवढं तरी नक्की कळेल.

मी एकदा डेबियन ९ वरून थेट चालू मशीनवरच १० केलं होतं. सगळं सुरळीत दिसलं. पण जीलिबसी (सिस्टमची मूळ लायब्ररी) २.२४ वरून २.२८ वर गेलं आणि अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेसचे मजकुरावरचे इंडेक्स (नोंदी शोधायच्या सूची) जुन्याच क्रमाने रचलेले. युनिक इंडेक्स (एकच नोंद दोनदा होऊ न देणारा) असूनही एकच ग्राहक दोनदा नोंदला जाऊ लागला, आणि हे लक्षात आलं तीन आठवड्यांनी. तोवर जुना बॅकअप परत टाकायची सोय उरली नव्हती, कारण मधल्या नोंदी गेल्या असत्या. ११ ते १२ मध्ये एवढा मोठा बदल नाही, तरीही रीइंडेक्स कराच.

तुमचा खरा धोका पीएचपीचा आहे. ७ मध्ये शून्य आणि रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासली तर समान ठरत. ८ पासून ठरत नाहीत. यात एररसुद्धा येत नाही, आकडे नाहीतर छपाई गुपचूप बदलते. म्हणून बॅकअप दुसऱ्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) उतरवा (बॅकअप खरंच उतरतो का तेही कळेल), तिथे १२ करा, आणि एका महिन्याची बिलं दोन्हीकडे काढून ताडून बघा.

प्रश्नकर्ती:
रविवारी रीबूट केलं. बिलं ईमेल करणारी सर्व्हिस उठलीच नाही! कुणीतरी ती कधीकाळी हाताने चालू केली होती, सिस्टमडीमध्ये (मशीन सुरू होताना सर्व्हिस आपोआप चालू करणारी यंत्रणा) एनेबल केलीच नव्हती. वीज गेली असती तरी हेच झालं असतं.

व्हीएमवर १२ केलं. सूट नसलेल्या प्रत्येक बिलावर 'सूट' अशी कोरी ओळ छापली जात होती, तुम्ही म्हणालात तीच तुलना. अशा दोन जागा सापडल्या, दुरुस्त केल्या. साहेबांपुढे दोन्ही बिलं शेजारी ठेवली, तर त्यांनीच विचारलं, कधी करतेस? येत्या शनिवारी रात्री करतेय. स्नॅपशॉट (मशीनची आहे त्या स्थितीतली प्रत) घेऊन.