शब्दचर्चा: पोलिसाने मारलेला घरचा कुत्रा आणि ‘प्राणिप्रेमींचा संताप’

अमेरिकेत पोलिसांनी कुणाच्या घरात नाहीतर अंगणात शिरून पाळलेला कुत्रा गोळी घालून मारला, की मराठीत बातमी साधारण अशी येते: ‘पोलिसांच्या गोळीबारात कुत्र्याचा मृत्यू, प्राणिप्रेमींमध्ये संताप’. यातले ‘मृत्यू’ आणि ‘प्राणिप्रेमी’ हे दोन्ही शब्द मला खटकतात. त्यातही दुसरा जास्त.

२९ जुलै २००८ ची घटना बघा. मेरीलँड राज्यातलं बर्विन हाइट्स हे लहानसं गाव. चेय कॅल्व्हो तिथले मेयर, आपल्या भाषेत नगराध्यक्ष. त्यांच्या पत्नीच्या नावाने एक पार्सल आलं, आत ३२ पौंड गांजा. पोलिसांना ते आधीच ठाऊक होतं. डिलिव्हरीवाल्याच्या वेशात पोलिसानेच ते दारात आणून ठेवलं. कॅल्व्हो कुत्र्यांना फिरवून परत आले आणि पार्सल उचलून घरात घेऊन गेले. थोड्याच वेळात शेरिफचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कायदा-सुव्यवस्था अधिकाऱ्याचं, सशस्त्र पथक दार फोडून आत घुसलं. पेटन आणि चेस हे दोन काळे लॅब्राडोर गोळ्या घालून मारले. कॅल्व्हो आणि त्यांच्या सासूबाई, दोघांचेही हात बांधून ठेवले. चेस पळून जात असताना त्याच्यावर गोळी झाडली, असं कॅल्व्होंचं म्हणणं. पुढे उघड झालं की तस्कर अनोळखी लोकांच्या पत्त्यांवर माल पाठवायचे आणि तो परस्पर उचलायचे. या घराचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

लोक चिडले ते शहानिशा न करता दार फोडण्यावर. छापा घालण्याआधी गावच्या पोलीसप्रमुखाला साधं विचारलंसुद्धा नव्हतं. या सगळ्यानंतर २००९ मध्ये मेरीलँडमध्ये कायदा झाला, की अशी सशस्त्र पथकं किती वेळा आणि कशासाठी वापरली याचा हिशेब पोलिसांनी वेळोवेळी द्यायचा. तो प्राणिरक्षणाचा कायदा नव्हता. ज्यांच्या घरात कधी कुत्रा नव्हता, त्यांनाही हा प्रश्न आपला वाटला. असं असताना ‘प्राणिप्रेमींचा संताप’ लिहिलं, की तो काही हौशी मंडळींचा जिव्हाळ्याचा विषय होऊन बसतो आणि बाकीचे पान उलटतात. मग काय लिहावं? ‘जनक्षोभ’?

प्रतिसाद

जनक्षोभ म्हटलं की दगडफेक आणि बंद डोळ्यांपुढे येतो. इथे ‘रोष’ बरा. रोष कुणावर तरी असतो, ‘पोलिसांवर रोष’ असं सरळ लिहिता येतं. ‘हळहळ’ मात्र या बातम्यांत अजिबात नको. हळहळ अपघाताची असते, तिला आरोपी लागत नाही.

प्रतिसाद

‘मृत्यू’बद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. मराठीला इथे आडून बोलायची गरजच नाही. ‘कुत्र्याला मारलं’ म्हणजे काठी घातली, ‘कुत्रा मारला’ म्हणजे जीव घेतला. एका ‘ला’ने अर्थ फिरतो, आणि हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. म्हणून ‘पोलिसाने कुत्रा गोळी घालून मारला’ एवढंच लिहावं. कोणी, काय, कसं, सगळं त्यात आलं. ‘गोळीबारात मृत्यू’ लिहिलं की दोन्हीकडून गोळ्या चालल्या आणि कुत्रा मधे सापडला, असं वाटतं.

दुसरं, कुत्रा त्या वेळी काय करत होता त्याचं क्रियापद. पोलिसांच्या निवेदनात तो बहुतेकदा ‘अंगावर झेपावला’ असतो. भुंकला, जवळ आला, धावत आला, अंगावर आला, झेपावला: या पाच पायऱ्या आहेत, आणि गोळी समर्थनीय ठरते की नाही हे त्यांवरच अवलंबून असतं. मे २०२४ मध्ये मिसूरी राज्यातल्या स्टर्जन गावात एक हरवलेला कुत्रा दिसला म्हणून कुणीतरी फोन केला. शिह त्झू जातीचा, मांडीवर बसेल एवढा, आंधळा आणि बहिरा. पोलिसाने काठीच्या फासाने त्याला पकडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग गोळ्या घातल्या. सगळं त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्यात आहे. कुत्रा कुठेही झेपावत नाही, वाट चाचपडत फिरतोय. तरी गावच्या कारभाऱ्यांनी पोलिसाची बाजू घेतली आणि रेबीजची शंका पुढे केली. आता याचं मराठी करताना कुणी ‘पिसाळलेला असावा’ लिहिलं तर संपलंच, कारण पिसाळलेला कुत्रा मारावाच लागतो हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. तिथे ‘रेबीज असल्याचा पोलिसांचा दावा’ असंच हवं.

प्रतिसाद

कायद्याच्या बाजूने एक भर. १९९४ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने म्हटलं, की पोलिसाने कुणाचा कुत्रा मारणं ही राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीच्या (अवाजवी झडती आणि जप्तीला मनाई करणाऱ्या) अर्थाने जप्ती आहे. अर्थ असा, की तसं सबळ कारण नसेल तर मालक पोलिसांवर दावा लावू शकतो. पण मराठीत ‘जप्ती’ म्हटलं की बँकेची माणसं येऊन टीव्ही आणि कपाट उचलून नेतात ते आठवतं. त्याच न्यायालयाने २००५ मध्ये, सॅन होजेच्या छाप्यांच्या खटल्यात, घरच्या कुत्र्यावरची माया आणि फर्निचरवरची मालकी यांची तुलना होत नाही असं स्पष्ट म्हटलं. त्या छाप्यांत पोलिसांना घरात कुत्रे आहेत हे आठवडाभर आधी माहीत होतं, आणि गोळी सोडून दुसरी काही तयारी नव्हती. न्यायालयाने यावर बोट ठेवलं. मी ‘हिरावून घेणं’ सुचवेन. कायद्याचा मूळ अर्थ त्यात राहतो आणि माणसाचं काय गेलं तेही कळतं.

प्रतिसाद

‘श्वान’ आणि ‘कुत्रा’ हाही फरक बघा. पोलिसांचा असेल तर श्वान, श्वानपथक. मुंबईत १९९३ च्या स्फोटांनंतर स्फोटकं हुडकणारा झंजीर गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला, आणि तो त्या मानाचा होताच. अमेरिकेत २००० च्या कायद्याने केंद्रीय यंत्रणेचा श्वान मारणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरचा मात्र ‘कुत्रा’, आणि त्याच्यासाठी मालकाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. दोघेही लॅब्राडोरच असू शकतात. एकाच बातमीत दोन शब्द वापरू नयेत असं मला वाटतं.

धागाकर्ता

रोष, हिरावणं, दोन्ही पटलं. ‘श्वानहत्या’ मात्र मी टाळेन, त्यात कुत्रा कुणाच्या घरचा होता हेच दिसत नाही. आणि ‘कौटुंबिक कुत्रा’ असं कुणी लिहू नये, ‘घरचा कुत्रा’ हे आपलं रोजचं आहे. स्टर्जनची बातमी मी अशी देईन: ‘मिसूरीत पोलिसाने घरचा आंधळा-बहिरा कुत्रा गोळ्या घालून मारला, नागरिकांचा पोलिसांवर रोष’. ‘नागरिकांचा’ ऐवजी ‘गावकऱ्यांचा’ चालेल का? रोष गावाबाहेरही बराच पसरला होता, म्हणून विचारतोय.