भूशास्त्राचे संदर्भ शोधायला जिओरेफ हवं की गूगल स्कॉलर पुरे?

नर्मदाकाठ, बडोदा:
पुतणी इथे एम.एस्सी. जिऑलॉजी करतेय. प्रबंध बाघ बेड्सवर, म्हणजे नर्मदाखोऱ्यातले क्रिटेशस काळातले (डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडातले) सागरी थर. स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या शोधनिबंध शोधायच्या फुकट साधनावर, नुसतं ‘बाघ’ टाकलं तर बाघ आडनावाच्या लोकांचे वैद्यकीय पेपर वर आले. ती रडकुंडीला आली. माझं स्पष्ट मत: भूशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने जिओरेफची, म्हणजे भूशास्त्रीय साहित्याच्या संदर्भसूचीची, वर्गणी भरावी. अमेरिकन जिओसायन्सेस इन्स्टिट्यूटने १९६६ साली ते सुरू केलं. त्यात प्रत्येक नोंदीला ठरलेल्या शब्दसूचीतून खडक, काळ, ठिकाण लावलेलं असतं. ‘बाघ’ म्हणजे थर की आडनाव, हा घोळच होत नाही.

खडकवेडा:
काका, अजिबात पटलं नाही. जिओरेफमध्ये उत्तर अमेरिकेचं साहित्य १६६६पासूनचं आहे, बाकी जगाचं मात्र १९३३पासूनचं. बाघ बेड्सच्या अभ्यासाचा पाया त्याच्या कितीतरी आधीचा! भूशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड १८६९, प्रमथनाथ बोस १८८४, दोघांचे अहवाल जिऑलॉजिकल सर्व्हेच्या मेमॉयर्स या ग्रंथमालेत. या थरांची नोड्युलर लाइमस्टोन, कोरलाइन लाइमस्टोन (चुनखडकाचे दोन थर) ही विभागणी बोसांचीच. हे खंड इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचता येतात. फक्त स्पेलिंग सांभाळा: ब्लॅनफर्डकडे ‘नर्बुडा’, बोसांकडे ‘नर्बदा’, आज ‘नर्मदा’. तिन्ही टाकून बघितल्याशिवाय ‘सापडत नाही’ म्हणू नये. पुतणीला सांगा, ‘बाघ बेड्स’ अवतरणचिन्हांत टाक, जोडीला ‘क्रिटेशस’. आडनावं गळून पडतात. एवढ्यासाठी वर्गणी कशाला?

मांडवीकर:
वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्राची योजना आलीय ना २०२५पासून? सरकारी संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं मिळतात.

नर्मदाकाठ, बडोदा:
मांडवीकर, ती वाचायची सोय झाली. कुठला पेपर वाचायचा हे आधी कळायला नको का?
खडकवेडा, १९३३ची गोष्ट बिनशर्त मान्य, आणि तीन स्पेलिंगांबद्दल आभार, आजच तिला सांगतो. पण त्यानंतरच्या नव्वद वर्षांचं काय? स्कॉलर एका शोधाचे फार तर पहिले हजार निकाल दाखवतो, आणि ते कोणत्या हिशोबाने लावलेत ते नेमकं सांगत नाही. पेपरच्या नावात ‘नोड्युलर लाइमस्टोन’ आहे, पण ‘बाघ’ हा शब्द कुठेच नाही, असा पेपर तिच्या हाती कसा लागणार? जिओरेफमध्ये काळ आणि ठिकाणावरून तो निघू शकतो. जुन्यासाठी आर्काइव्ह, नव्यासाठी जिओरेफ, या मतावर मी ठाम आहे.

खडकवेडा:
असा पेपर मी बोसांना उद्धृत करणाऱ्यांच्या यादीतून काढतो, काका. ती यादी स्कॉलरच देतो.