व्रिसियाच्या पानांवरचे पट्टे फिके पडताहेत

प्रश्न: उत्तरेकडची गॅलरी, थेट ऊन नाही. व्रिसिया स्प्लेन्डेन्स (पट्टेदार पानांचं शोभेचं झाड) ६ इंची कुंडीत, लाल माती आणि शेणखतात. दर १५ दिवसांनी १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समान) पानांच्या मधल्या पेल्यात घालतो. नवी पानं लांबट, हिरवीगार. तपकिरी पट्टे पुसट. बुडही मऊ लागतंय. बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) मारू का?

उत्तर १: बोर्डो अजिबात नको! त्यात तांबं असतं आणि ते ब्रोमेलियाडना (व्रिसिया याच कुळातली) विषासारखं. पट्टे जाण्याचं कारण मुख्यतः नत्र. पेल्यातलं खत आधी बंद करा, कुंडी उलटी करून पेला धुवा. प्रकाशही वाढवा; सावली म्हणजे अंधार नव्हे. कठड्याजवळ ठेवा, पण दुपारचं ऊन नको, पानं भाजतात. जुन्या पानांवर पट्टे परत येत नाहीत, नवीन पानं बघा.

उत्तर २: बुड मऊ होण्याचा दोष मातीचा. ही झाडं मुळात फांद्यांवर वाढणारी, मुळांना हवा लागते. मातीऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे २ भाग, कोळसा १, परलाइट (हलके पांढरे खडे) १. मधलं पान हलकं ओढून पाहा: हातात आलं तर गाभा कुजलाय, मग बाजूच्या पिलांवरच (बुडाशी फुटणाऱ्या नव्या रोपांवर) भिस्त. पिलू आईच्या निम्म्या उंचीचं झाल्यावरच कापा.

प्रश्नकर्ता: पेल्यात डास होतील ना?

उत्तर २: होतात, डेंग्यूचेसुद्धा. आठवड्यातून दोनदा पाणी ओतून बदला. बोअरचं नको, क्षारांचे पांढरे डाग पडतात, पावसाचं उत्तम.