इंग्रजीचे खेळ घेतो पण पोरं खेळतात मराठीतच, काय करू?

खडू_डस्टर:
नमस्कार मंडळी. जि.प. शाळा, तिसरी-चौथी एकत्र वर्ग, पट 23. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे पण माझ्या चौथीच्या पोरांना 'व्हॉट इज युवर नेम' च्या पुढे काही विचारलं की ती खाली बघतात. म्हणून महिनाभर खेळ सुरू केलेत, सापशिडी, कार्ड घेऊन पळापळी, शब्दांच्या भेंड्या. मजा येते, मधल्या सुट्टीत पण मागे लागतात, पण परवा नीट कान देऊन ऐकलं तर सापशिडीच्या अख्ख्या डावात इंग्रजी शब्द एकच, 'सिक्स'. बाकी "ए रडीचा डाव नको खेळू" सगळं मराठीत. भेंड्यांत तर प्रत्येक शब्द ई वरच संपतो, टेबल, ऑरेंज, हाउस, आणि मग सगळे एग आणि एलिफंटला लटकतात. शेजारच्या वर्गावरच्या मॅडम विचारतात, सर आज पण पीटी का? काहीतरी सुचवा. टीव्ही आहे वर्गात पण लाइटचा भरवसा नाही.

चिंचोका:
सर सापशिडीत पोराला बोलायची गरजच कुठे आहे, फासा पडला की झालं. बोलल्याशिवाय जिंकताच येणार नाही असं काहीतरी घ्या. मी दोघांना पाठीला पाठ लावून बसवते, एकीकडे चित्र, दुसरीकडे कोरी पाटी. ड्रॉ अ ट्री, क्रो ऑन द ट्री, डॉग अंडर द ट्री असं सांगत जायचं, चित्र जुळलं तर मार्क दोघींना. फळ्यावर दोनच आधार, 'अगेन प्लीज' आणि 'व्हेअर?'. पहिल्या दिवशी एकीने कुत्रा झाडावर आणि कावळा खाली काढला, वर्ग हसून लोळला, पण तेव्हापासून ऑन-अंडर कुणाचं चुकलं नाही बघा.

पाटीपेन्सिल:
भेंड्या स्पेलिंगवर नका घेऊ, कानावर घ्या. टेबल ऐकू येतं ल वर, मग लायन. ऑरेंजचा ज, मग जग. हाउसचा स, मग सन. ई वर तर अडकणारच, स्क्रॅबलच्या 100 ठोकळ्यांत 12 नुसते ई असतात 😄 आणि आपला 'शिवाजी म्हणतो' विसरलात काय? 'शिवाजी सेज, टच युवर नोज'. ऐकायचं आणि अंगाने करायचं, बोलायची सक्ती नाही, लाजरी पोरं पण येतात. हेच जेम्स अॅशरने 1960 च्या दशकात टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणून मांडलं, डीएडला आपण पाठ केलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं.

उंबरठा:
शिवाजी म्हणतो घ्या पण आउट करू नका हो. ज्याला इंग्रजी कळत नाही तोच पहिला आउट होतो आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसतो, म्हणजे ज्याच्यासाठी खेळ त्यालाच खेळ नाही. आमच्याकडे चुकेल त्याने पुढे येऊन पुढचे तीन हुकूम सोडायचे. काही जण मुद्दाम चुकतात, चुकू देत, बोलतात तर खरं.

खडू_डस्टर:
मंडळी आज लगेच करून बघितलं. पाठीला पाठ जमलं नाही, सगळे एकदम ओरडायला लागले, उद्या व्हरांड्यात अर्धे अर्धे बसवतो. शिवाजी म्हणतो मात्र अर्धा तास चालला. एक पोरगा आहे, जूनपासून इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलेलं नाही, तो दुसऱ्याच हुकमाला चुकला आणि पुढे आला. बराच वेळ चप्पल घासत उभा होता, मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "शिवाजी सेज, सर सिट डाउन." बसलो बाबा खाली, फरशीवरच. मग स्टँड अप, मग परत सिट डाउन. गुडघे दुखतायत अजून.

चिंचोका:
😂😂 सर तीनच हुकूम हां, नियम सांगा त्याला