नोज रिबचा फ्लँज ठोकल्यावर रिब वाकते, चिराही पडतात

शिरोलीकर:
दोन सीटर विमानाच्या पंखाच्या नोज रिब (पंखाच्या पुढच्या भागाला आकार देणाऱ्या पत्र्याच्या फासळ्या) करतोय. ॲल्युमिनियम पत्रा २०२४-टी३, जाडी ०.६३५ मि.मी., फ्लँज (दुमडलेली कड) १६ मि.मी. रुंद. एमडीएफच्या ब्लॉकवर ठोकल्यावर फ्लँजला लाटा येतात आणि रिब टेबलावर सपाट बसत नाही. दोन रिबना वाकाच्या रेषेत बारीक चिरा दिसल्या. ब्लॉकच्या कडेला जेमतेम १ मि.मी. गोलाई आहे. ६०६१ हा दुसऱ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा घेऊ का? आणि नवे ब्लॉक उद्यमनगरात पॅटर्नवाल्याकडून (ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्याकडून) करून घेतले तर चालतील?

पत्राकाम:
चिरा गोलाईमुळेच. या पत्र्याला वाकाची आतली त्रिज्या ३.२ मि.मी. ठेवा. टी३ पत्रा १ मि.मी. गोलाईवर मोडणारच. चीर गेलेल्या रिब भंगारात टाका, भोक पाडून वाचवू नका. पत्रा बदलू नका भावा. ६०६१-टी६ चं यील्ड (ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकतो तो) २७५ एमपीएच्या आसपास, २०२४-टी३ चं ३४५. डिझाइन ज्या पत्र्यावर आहे तोच वापरायचा.

३.२ त्रिज्येला १६ मि.मी. फ्लँज हवा असेल तर पत्रा ब्लॉकच्या कडेबाहेर सुमारे १४.४ मि.मी. सोडा, पूर्ण १६ नाही. कापलेली कड आधी कानसीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. बर (कापताना उरलेली खरखरीत धार) राहिली तर चीर तिथूनच सुरू होते. ब्लॉकची बाजू ५-६ अंश आत उतरती घ्या, म्हणजे पत्रा उसळून परत आला तरी काटकोन मिळतो.

पॅटर्नवाला:
सागवानी ब्लॉक आमच्याकडे छान होतात, पण एक गोष्ट बजावून सांगा: साधी स्केल वापरायची. पॅटर्न शॉपच्या हाताला ओतकामाची कॉन्ट्रॅक्शन स्केल (धातू थंड होऊन आकसतो म्हणून मुद्दाम मोठी आखलेली पट्टी) असते, बिडासाठी साधारण १ टक्का जास्त. ६०० मि.मी.च्या रिबला ६ मि.मी. वाढ होईल, सगळा आकार बिघडेल.

शिवाय ब्लॉक म्हणजे पंखाचा बाहेरचा आकार नव्हे. रिबची जाडी ०.६३५ आणि वरच्या स्किनची (पंखावरच्या पत्र्याची) ०.५ वजा करा, म्हणजे चहूबाजूंनी १.१ मि.मी. आत. पत्रा सरकू नये म्हणून दोन ६ मि.मी. पिना ब्लॉक, पत्रा आणि वरच्या दाबपट्टीतून आरपार घाला.

शिरोलीकर:
आणि लाटा, दादा? ठोकून बसवायच्या का?

पत्राकाम:
नाही. जोर लावून बसवलात तर पत्रा ताणतो आणि रिब आणखी वाकते. फुगीर वळणावर फ्लँजची कड मूळ पत्र्यात लांब असते, दुमडल्यावर तिला तेवढी जागाच उरत नाही. तुमच्या मापाला दर १० अंश वळणामागे सुमारे २.५ मि.मी. कड जादा होते. ती फ्लूटिंग पक्कडीने (कडेला छोट्या चुण्या, म्हणजे फ्लूट, पाडणाऱ्या पक्कडीने) आत मुरडून घ्यायची.

आधी रिव्हेटच्या जागा मार्करने आखा. पेन्सिल नको, ग्रॅफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजतं. फ्लूट दोन रिव्हेटच्या बरोबर मध्ये, आतल्या बाजूला, कडेला खोल आणि वाकाजवळ शून्य. एकेक हलकी दाबून रिब सरफेस प्लेटवर (अगदी सपाट तपासणी पाटावर) ठेवून बघा; सपाट बसत नसेल तर अजून थोडी. एकाच फ्लूटमध्ये सगळं भागवू नका.

ठोकताना नायलॉन हातोडा घ्या, तोही थेट नाही तर कठीण लाकडाच्या पट्टीवरून. पूर्ण लांबीभर आधी ३० अंश, मग ६०, मग ९०. एका जागी ९० करून पुढे सरकलात की लाटा एकाच ठिकाणी गोळा होतात. नाकाशी वळण फार तीव्र असेल तर फ्लूट पुरत नाहीत. तिथे ड्रॉइंगमध्ये दाखवलेले व्ही काप घ्या, कापाच्या मुळाशी गोल भोक ठेवून.