खुल्या पेगन गटाची पुढची फळी कशी तयार करायची?

वायव्य

मंडळी, नमस्कार.

उत्तर इंग्लंडमधल्या एका खुल्या पेगन (निसर्गाला आणि युरोपातल्या जुन्या देवतांना मानणाऱ्या) गटाबद्दल विचारतोय. महिन्यातून एकदा पबच्या वरच्या खोलीत मूट (गटाची गप्पा-ओळखीची बैठक) भरतो आणि वर्षाचे आठ सण एका सार्वजनिक बागेत साजरे होतात. विधीला २५ ते ४० माणसं येतात, त्यातली कायमची बारा-तेरा. विक्कन (विक्का या आधुनिक पेगन धर्माचे) आहेत, ड्रुइड (केल्टिक वळणाचे) आहेत, दोन-तीन हीदन (जुन्या नॉर्स-जर्मानिक देवता मानणारे) आहेत, आणि निम्म्या लोकांनी कुठल्याच परंपरेची दीक्षा घेतलेली नाही. आजवर सगळं एकच जोडपं बघत आलंय. पुढच्या सॉविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, ते ही जबाबदारी सोडणार आहेत. हाताशी एक वर्ष आहे.

विधी चालवायला लोकांना टप्प्याटप्प्याने कसं तयार करायचं? निर्णय कोणी घ्यायचे? आणि सगळं एकाच माणसाच्या हातात जाऊ नये म्हणून आधीच काय बांधून ठेवायचं? 'आत्मविश्वास वाढवा' छापाचं नको, नेमकं सांगा.

काजळमाया

'नवा नेता कोण' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. ते जोडपं नेमकं काय काय करतं, ते त्यांच्यासोबत बसून लिहून काढा. पन्नासेक कामं सहज निघतील. त्यांचे चार ढीग पडतात: विधी, माणसं (नवख्यांचं स्वागत, रुसवे-फुगवे, आजारपणातली विचारपूस), व्यवस्था आणि पैसा. एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त ढीग द्यायचे नाहीत. विधी आणि पैसा तर एकत्र नकोतच.

विधीचं म्हणाल तर एका सणाला एक पायरी चढवायची. यूलला (डिसेंबरचा अयनदिन) नव्या माणसाने फक्त सुरुवातीची माहिती द्यायची: काय होणार, कुठे उभं राहायचं, मधेच बाहेर पडायचं असेल तर कसं. पाच मिनिटांचंच काम, पण आवाज आणि नजर दोन्ही तिथेच तयार होतात. इम्बॉल्कला (फेब्रुवारीची सुरुवात) चार दिशांपैकी एका दिशेचं आवाहन. वसंत संपाताला भाकरी आणि पेला फिरवणं. बेल्टेनला (मेची सुरुवात) सगळ्यांकडून ध्यान करवून घेणं. उन्हाळी अयनदिनाला विधीचा सगळा मधला भाग. लूनासाला (ऑगस्टची सुरुवात) पूर्ण विधी, आणि जुनं जोडपं वर्तुळात इतरांसारखंच उभं. सप्टेंबरच्या संपाताला त्यांनी यायचंच नाही. ही शेवटची पायरी लोक हमखास गाळतात. जुनी माणसं समोर असली की सगळ्यांची नजर त्यांच्याकडेच जाते, आणि नवा माणूस अडखळला की तीच न सांगता सावरून घेतात. मग तो एकट्याने सावरायला शिकणार कधी?

उघड्यावरच्या विधीत बिघडतं ते बहुतेक वेळा मापामुळे. गार्डनेरियन (विक्काची एक परंपरा) कोव्हेनचं, म्हणजे दीक्षितांच्या छोट्या गटाचं, वर्तुळ ९ फूट व्यासाचं, आणि परंपरेने जास्तीत जास्त १३ माणसांचं. दीक्षित माणसं सहसा तेच शिकून आलेली असतात. पण ३० माणसं हात धरून उभी राहिली की परीघ २७ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे व्यास साडेआठ मीटर. कोव्हेनमधला आवाज तिथे पलीकडच्या कडेला पोचतच नाही. त्यात दिशेचं आवाहन करणारा बाहेर तोंड करून, लोकांकडे पाठ फिरवून बोलतो. उपाय सोपा आहे: पूर्वेचं आवाहन करणाऱ्याने पश्चिमेच्या कडेला उभं राहून वर्तुळाच्या आरपार पूर्वेकडे बोलावं. शब्द सगळ्यांच्या अंगावरून जातात आणि तोंडही योग्य दिशेलाच राहतं.

पेल्याचा हिशेबही असाच. एकच पेला, माणशी २५ सेकंद, ३० माणसं: साडेबारा मिनिटं झाली. फेब्रुवारीच्या थंडीत तेवढ्या वेळात सगळा भाव विझतो. दोन पेले विरुद्ध दिशांनी सोडा. त्यातल्या एकात सफरचंदाचा रस ठेवा, म्हणजे दारू न घेणाऱ्यांना कारण सांगत बसावं लागत नाही. ग्लूटेन चालत नाही अशांची भाकरी वेगळ्या ताटात, आणि ते ताट आधी फिरवायचं, नंतर नाही. नाहीतर दुसऱ्या भाकरीचा चुरा त्यात पडतो.

ध्यान शिकवताना नेण्यापेक्षा परत आणण्यावर जास्त वेळ द्या. आठ मिनिटांचं ध्यान असेल तर परतीला निदान दोन मिनिटं हवीत, आणि ज्या वाटेने नेलं त्याच वाटेने उलटं आणायचं. नंतर बोटं हलवायला लावा, डोळे उघडायला लावा, मग काहीतरी खायला द्या. एकेकाच्या डोळ्यांकडे बघा. जो अजून 'आलेला' नाही त्याच्याजवळ एक जण बसवा, आणि तो जमिनीवर आल्याची खात्री होईपर्यंत त्याला गाडी चालवू देऊ नका.

आणि कागद! अंधारात, वाऱ्यात, थरथरत्या हातात तीन पानी संहिता हे सगळ्यात जास्त दिसणारं अपयश. नव्या माणसाला पाठांतरही सांगू नका. त्याला पाच खुणा द्या: सुरुवात कशाने, उद्देश काय, चढ कुठे, वाटप कधी, समारोप कोणत्या वाक्याने. मधलं त्याचं तो बोलेल.

विधीबद्दलची चर्चा त्याच रात्री करू नका, सगळे एकतर भारावलेले असतात किंवा दमलेले. चार-पाच दिवसांनी बसा. ज्याने विधी केला तो आधी बोलेल, जुनी माणसं सगळ्यांत शेवटी.

ओकवृक्ष

काजळमाया यांची शिडी उत्तम आहे, पण ती विक्कन साच्यातली आहे. वायव्य, तुमच्या गटात हीदनही आहेत. त्यांच्यात दिशांची आवाहनं नसतात. ब्लोटमध्ये देवतांना अर्पण असतं, आणि सुंबेलमध्ये शिंग फिरतं आणि माणसं त्यावर बोलतात, कधी शपथ घेतात. तिथे चालकाचं खरं कसब थांबवण्यात असतं. शिंगावर घेतलेली शपथ मोडली तर त्याची झळ सगळ्या बैठकीला लागते, अशी समजूत आहे. म्हणून 'ही शपथ पाळता येईल का, केव्हापर्यंत' असं विचारणारा माणूस काही गट मुद्दाम नेमतात. हे कसब दिशांच्या आवाहनातून येणार नाही. वर्षातले दोन सण तरी हीदन किंवा ड्रुइड पद्धतीने ठेवा आणि त्यांची शिडी त्या-त्या लोकांना आखू द्या.

निर्णयाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गट फुटतात ते इथे. पेगन जगात सर्वसहमतीचा मान मोठा आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियात नोंदलेली 'कव्हेनंट ऑफ द गॉडेस' ही विक्कन गटांची संघटना त्याच पद्धतीवर चालते, सॅन फ्रान्सिस्कोतून वाढलेली रिक्लेमिंग परंपराही. पण लोक तिचं नाव घेतात आणि यंत्रणा विसरतात. सहमतीच्या बैठकीला चालक लागतो, वेळ राखणारा लागतो, आणि सध्याचा प्रस्ताव काय आहे तो दर वेळी मोठ्याने वाचून दाखवणारा लागतो. सभासदापुढे तीन वाटा असतात: मान्य, मान्य नाही पण आड येत नाही, आणि अडवतो. तिसरी वाट गटाच्या मूळ उद्देशालाच धक्का बसत असेल तरच घ्यायची, हे आधी लिहून ठेवा. नाहीतर ज्याला जास्त वेळ बसून राहता येतं तोच जिंकतो.

रिक्लेमिंगमधली एक युक्ती खुल्या गटाला फार उपयोगाची. तिथे अनौपचारिक भूमिकांना नावं दिली आहेत. ड्रॅगन सीमेची राखण करतो: येणारे-जाणारे बघे, कुत्री, बागेचा रखवालदार. ग्रेस नवख्याला हाताला धरून आत आणते. कावळा वरून, लांबचं बघतो. साप खालची कुजबुज ऐकतो आणि ती उघड्यावर मांडतो. कोळी मध्ये बसून धागे जोडतो. दर मूटला या भूमिका फिरवा. ज्याला बोलायची भीती वाटते तो ड्रॅगन म्हणून उत्तम काम करतो आणि दोन-तीन सणांत पुढे यायला तयार होतो.

मात्र खुल्या गटात सभासद कोण, हेच ठरलेलं नसतं. एकदाच आलेला माणूस अडवू शकतो का? व्याख्या करा, उदाहरणार्थ मागच्या सहा मूटपैकी तीनला हजर असलेला. पाच जणांची समिती, मुदत दोन वर्षं, दर वर्षी दोन-तीन जण बदलायचे, म्हणजे सगळ्या जागा एकदम रिकाम्या होत नाहीत. सलग दोन मुदती झाल्या की वर्षभर सक्तीची विश्रांती.

गुरुपरंपरेत वाढलेल्या आपल्या मराठी लोकांसाठी एक गोष्ट: विक्कात पहिल्या पायरीची दीक्षा घेतलेला प्रत्येक जण स्वतः पुरोहित मानला जातो. हाय प्रीस्टेस (कोव्हेनची प्रमुख पुरोहिता) त्यांच्यातली ज्येष्ठ. तिच्या पायाशी शंका ठेवून यायची अपेक्षा कुणी केली तर ती परंपरेची नाही, त्या व्यक्तीची आहे.

हिशेबनीस

पैसा आणि कायदा. रुक्ष वाटेल, पण नव्या फळीला हेच कुणी शिकवत नाही.

बँकेत गटाच्या नावाचं खातं, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं, आणि त्या दोघांत नवरा-बायको किंवा एका घरातले नकोत. गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च जसा फलकावर लागतो तसा दर सणाचा हिशेब पुढच्या मूटला मांडायचा: डबीत किती जमले, मेणबत्त्या-भाकरीला किती गेले, शिल्लक किती. वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांवर गेलं आणि उद्देश धर्मादाय असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी कमिशनकडे नोंदणीचा प्रश्न येतो. पेगन धर्माला तिथे जागा आहे, 'ड्रुइड नेटवर्क' या संस्थेला २०१० साली मान्यता मिळाली. तुमच्या आकाराच्या गटाला दोन पानांची घटना आणि साधी संस्था पुरेशी आहे.

जागेसाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा घ्या. पालिका आणि हॉलवाले बऱ्याचदा ५० लाख पौंडांचं संरक्षण मागतात. विमा घेताना आग, मुलं आणि उघड्यावरचे कार्यक्रम हे तिन्ही शब्द अर्जात यायला हवेत, नाहीतर ऐन वेळी त्याचा उपयोग नाही.

अथामे (विधीतला सुरा) घरी ठेवा. इंग्लंडमध्ये न मिटणारं पातं, किंवा मिटणारं पण ३ इंचांहून लांब पातं, सबळ कारणाविना सार्वजनिक जागी बाळगणं गुन्हा आहे. १९८८च्या कायद्यात धार्मिक कारणाचा बचाव आहे खरा, पण तो सिद्ध करणं तुमच्यावर येतं, तेही पोलीस उभे असताना. बागेत छडी वापरा.

आगीला पायांवर उभी असलेली लोखंडी शेगडी, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या, आणि फक्त आगीकडेच बघणारा एक माणूस. त्याने त्या विधीत दुसरं काहीही करायचं नाही. सिंथेटिक झगे आगीपासून लांब. प्राचीन स्थळी गेलात तर टीलाइट मेणबत्त्या लावू नका. वेस्ट केनेटच्या दगडी थडग्यात काजळी आणि उष्णतेने दगड खराब होतात. झाडाला नायलॉनच्या फिती बांधल्या तर फांदी वाढते, फीत वाढत नाही, आणि साल कापली जाते. ज्या भूमीला आपण पवित्र म्हणतो तिची राखण हे चालकाचंच काम आहे.

हँडफास्टिंग (पेगन विवाहविधी) करायला कुणी विचारलं तर जोडप्याला लेखी कळवा: इंग्लंड-वेल्समध्ये त्याने कायदेशीर लग्न होत नाही, नोंदणी वेगळी करावी लागते. स्कॉटलंडमध्ये अधिकृत पेगन पुरोहिताला कायदेशीर लग्न लावता येतं, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो.

वायव्य

खूप मोलाचं, तिघांचेही आभार. एक अडचण उरते. जुन्या मंडळींनंतर सगळ्यांची नजर एकाच माणसाकडे वळतेय. विधी अप्रतिम करतो, अभ्यास मोठा आहे. पण नवख्यांना खासगीत बोलावून पैसे घेऊन 'दीक्षा' द्यायची त्याची इच्छा आहे, आणि गटाचं फेसबुक पानही त्यालाच हवंय. याला नेतृत्व द्यावं का?

निळी सावली

त्याला विधी द्या, बाकी काही देऊ नका. आणि हा नियम त्याच्यापुरता नाही, सगळ्यांसाठी म्हणून लिहा.

गार्डनेरियन आणि अलेक्झांड्रियन या विक्काच्या परंपरांत दीक्षेचे पैसे घेत नाहीत. जागेचा, खाण्याचा खर्च वाटून घेणं वेगळं. गटाच्या नावावर ओळख झालेल्या नवख्याला खासगी दीक्षा देणं घटनेतच बंद करा. स्वतंत्र कोव्हेन चालवायचं असेल तर चालवावं, पण मूटमध्ये त्यासाठी माणसं निवडायची नाहीत. नवख्याने मागितलं तर उत्तर दोघांनी मिळून द्यायचं. १८ वर्षांखालच्या कुणालाही शिष्य म्हणून घ्यायचं नाही. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, तीही एकमेकांच्या नात्यातली नकोत. दिगंबर विधी खुल्या गटात नाहीच. फोटो काढायचे तर विधीच्या आधी किंवा नंतर, आणि विचारून. नोकरीच्या ठिकाणी किंवा घरी न सांगता येणारी माणसंही वर्तुळात असतात.

गटाची तब्येत तपासायला अमेरिकन ड्रुइड आयझॅक बोनविट्स यांनी १९७९ साली मांडलेली धोका-तपासणी वापरा. आताच्या रूपात तिच्यात १८ मुद्दे आहेत: आतलं नियंत्रण, बाहेरचं नियंत्रण, ज्ञानाचा दावा, पैसा, लैंगिक दबाव, बाहेर पडणाऱ्याशी वागणूक, विनोद सहन न होणं, वगैरे. प्रत्येकाला १ ते १० गुण, जास्त गुण म्हणजे जास्त धोका. समितीतल्या प्रत्येकाने हे एकट्याने, नाव न लिहिता भरायचं आणि मग एकत्र ठेवायचं. बेरजेपेक्षा फरक बघा. एकाच मुद्द्याला कुणी २ दिलेत आणि कुणी ८, तर तिथे बोलायला हवं.

तक्रार ऐकायला दोन माणसं हवीत, निदान एक समितीबाहेरचं. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्या कोव्हेनमधलं कुणी नको. गुन्ह्याची शंका असेल तर गटाने 'आपापसात' चौकशी करायचीच नाही. पोलिसांकडे किंवा पालिकेच्या बालसंरक्षण विभागाकडे जायचं. बऱ्याच पालिका सुरक्षिततेचे छोटे अभ्यासवर्ग घेतात, समितीतल्या दोघांना पाठवा. खोलवर शिकायचं असेल तर अमेरिकेतली चेरी हिल सेमिनरी पेगन पौरोहित्य आणि समुपदेशन दूरशिक्षणाने शिकवत आली आहे. पण तुमच्या गटाला आत्ता मानसिक आरोग्याच्या प्रथमोपचाराचा वर्ग जास्त उपयोगी पडेल.

फेसबुक पानाला कमीत कमी तीन व्यवस्थापक, आणि गटाचा ईमेल कुणाच्याही खासगी फोन नंबरला जोडलेला नको.

हिशेबनीस

यावरून आठवलं: हस्तांतराची वही सॉविनपर्यंत ठेवू नका, ऑगस्टमध्येच सुरू करा. तिच्यात बागेच्या परवानगीचा अर्ज कधी आणि कुणाकडे जातो, पबची खोली कुणी राखून ठेवतो, शेगडी आणि पेले कुणाच्या गॅरेजमध्ये आहेत, विमा कधी संपतो, सगळे पासवर्ड. बँकेतल्या सह्या बदलायला कित्येक आठवडे लागतात आणि जुन्या सहीवाल्याची सहीही लागते, म्हणून तो अर्ज लूनासाच्या आतच टाका.