पुण्याची मुलगी समोर आली की माझी सोलापुरीच गायब होते

टॉवेलवाला_२५:
नव्या पेठेत काकांचं चादर-टॉवेलचं दुकान आहे, गल्ल्यावर मी असतो. घर पूर्व भागात. घरात तेलुगू, दुकानात मराठी, गिऱ्हाईक अक्कलकोटकडचं असलं की कन्नड. तिन्हीत तोंड चालतंय. पण समोरच्या बँकेत सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून बदली होऊन एक मुलगी आलीय. चहाच्या गाड्यावर रोज गाठ पडते आणि ती दिसली की मी बातम्या वाचल्यासारखा बोलायला लागतो. परवा म्हणालो, "आपण चहा घेतलात का?" चहावाल्यानं किटली खाली ठेवून माझ्याकडं बघितलं.

पुढचं तर त्याहून वाईट. शनिवारी ती दुकानात आली. "तुमचा टॉवेल पाणीच टिपत नाही हो, नुसता अंगावर फिरतो." याचं उत्तर मी झोपेतही देईन. नव्या टॉवेलला मऊपणासाठी सॉफ्टनर लावलेलं असतंय. दोन-तीन धुण्यांत ते गेलं की सूत पाणी ओढायला लागतंय. आणि मी म्हणालो काय? "सॉरी मॅडम, बदलून देतो." वापरलेला टॉवेल! काका वही मिटून बघत बसले.

तिच्यासमोर आपल्यासारखं कसं बोलायचं? चिडवा, पण उत्तर द्या.

हुरडापार्टी:
काय करलालास बे! असंच बदलून देत बसलास तर संक्रांतीच्या गड्डा जत्रेपर्यंत दुकान रिकामं.

अर्धवट_मानसतज्ज्ञ:
एमएला एक प्रयोग शिकलो होतो, २००० साली छापून आलेला. एका मुलाला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर मुलांच्या खोलीत पाठवायचे. त्याला वाटायचं, निम्म्यांनी तरी बघितलाच असणार. खरं तर जेमतेम चौथाई पोरांच्या लक्षात यायचा. तुझं "आपण" चहावाल्याच्या लक्षात राहिलंय. तिच्या असेलच असं नाही.

खलबत्ता:
मी कोल्हापूरची, २२ वर्षं सोलापुरात. आमचे हे बघायला आले तेव्हा तासभर छापील बोलत होते. मग आमच्या घरची शेंगाचटणी मिक्सरमधली निघाली आणि यांना राहवेना. "कुटल्याशिवाय तेल सुटत नाही ओ!" तिथं मला माणूस दिसला. तुझ्याकडं टॉवेल आहे की रे. जे पोटातून येतंय ते बोल. एक बजावते, बँकेत ती कामावर असते. उगाच स्लिपा भरायला जाऊन घुटमळू नकोस. चहाच्या गाड्यावर काय व्हायचं ते होऊ दे, आणि तिनं बोलणं आवरतं घेतलं तर आपणही कप ठेवून निघायचं.

टॉवेलवाला_२५:
ताई, आज बोललो. "नवा टॉवेल दोनदा धुवायचा असतोय, सॉफ्टनर घालायचं नाही" एवढंच सांगायला गेलो आणि चादरीवर घसरलो. जेकार्डचं विणकाम, दोन्ही बाजूंनी नक्षी कशी उठते, रंग उलटे कसे दिसतात, सगळं हातवारे करून. अर्धा चहा शर्टावर. "असतंय", "लई", सगळं सुटलं तोंडातून. ती म्हणाली, "मग शनिवारी बदलून का दिलात?"

काय सांगणार? म्हणालो, "घाबरलो होतो." हसली. चहाचे पैसे तिनंच दिले. नाव विचारायचं तेवढं राहिलं.

हुरडापार्टी:
सहा महिने झाले बे!!